अल्सर नवऱ्याला, काळजी सासूबाईंची

पत्र थोडक्यात असं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ४१ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. यजमान ४६ वर्षांचे, पतसंस्थेत नोकरीला. दोन वर्षं त्यांच्या पोटात वरच्या बाजूला, छातीच्या हाडाखाली जळजळून दुखत होतं. रात्री दोन-अडीचला उठून दूध-बिस्किट खाल्लं की थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून दिवस काढले. शेवटी दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर (म्हणजे आतल्या अस्तरावरचा व्रण) आणि एच. पायलोरी नावाचे जंतू सापडले. डॉक्टरांनी १४ दिवसांचा कोर्स दिला. यजमानांनी तो सहाव्या दिवशी सोडला. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येत होती, पोट बिघडलं होतं, आणि मुख्य म्हणजे दुखायचं थांबलं होतं. आता पुन्हा दुखायला लागलंय.

सासूबाई म्हणतात, “तुझ्या हातचं तिखट नडलं.” ताईंनी वर्षाची कांदा-लसूण चटणी नणंदेकडे देऊन टाकली. यजमानांना बिनफोडणीचं वरण, मऊ भात आणि तीन वेळा दूध. बाकीच्यांना वेगळा स्वयंपाक. शेजारच्यांनी “हे जंतू लागतात” असं सांगितल्यापासून यजमानांचं ताट-वाटी-तांब्यासुद्धा वेगळा. यजमानांचं मत निराळंच: हे सगळं टेन्शनमुळे झालंय, नोकरी सोडून शेती बघतो. ताई विचारतात, हे माझ्या स्वयंपाकामुळे झालं का? त्यांना नोकरी सोडू द्यावी का? मुलांची तपासणी करून घ्यावी का?

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: “सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांसाठी रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याची गोळी घेतात, शिवाय हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी आहे. पण त्यांना कधी पित्त नाही की काही नाही. हल्ली जिना चढताना धाप लागते, चेहरा पांढरा दिसतो, पण ते वयाचं.”

*

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी त्या शेवटच्या मजकुराबद्दल. अल्सर यजमानांना सापडलाय हे खरं. तरी पत्र वाचून मला जास्त घाई वाटते ती सासूबाईंची.

रोज दोन वेळा दुखण्याची गोळी, सोबत रक्त पातळ होण्याची गोळी (बहुतेक वेळा ती ॲस्पिरिन असते), वय सत्तरच्या पुढे, धाप आणि पांढरा चेहरा. हे सगळं एका माणसात दिसलं की डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते, पोटात कुठेतरी थोडं थोडं रक्त झिरपत तर नाही ना. “त्यांना पित्त नाही” हे तुम्ही खात्रीचं लक्षण म्हणून लिहिलंत. पण दुखण्याच्या गोळ्यांनी होणारा अल्सर म्हाताऱ्या माणसात अनेकदा अजिबात दुखत नाही. गोळी वेदना मारणारीच असते, ती गुडघ्याची मारते तशी पोटाचीही मारते. असे पेशंट पोटदुखी घेऊन येतच नाहीत. चक्कर, थकवा, धाप अशा तक्रारी घेऊन येतात आणि घरचे त्याला वय म्हणतात.

तेव्हा उद्या सकाळी त्यांना डॉक्टरकडे न्या आणि हिमोग्लोबिनसकट रक्ताची साधी तपासणी करून घ्या. ती तालुक्याच्या गावी होते, महागही नाही. गुडघ्याची गोळी आजपासून थांबवा. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती हृदयासाठी दिलेली असेल, तर बंद करण्याचा धोका वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनीच तोलायला हवा. आणि त्यांना संडासचा रंग विचारा. मला माहीत आहे, सुनेने सासूला हे विचारणं किती अवघड आहे ते. मुलाला विचारायला सांगा, नातीला सांगा, पण विचारा. डांबरासारखी काळी, चिकट, वेगळाच उग्र वास असलेली संडास होत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. रक्ताची उलटी झाली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तरी तेच. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही संडास काळी होते, म्हणून तेही डॉक्टरांना सांगा. पण घरी बसून “गोळ्यांमुळेच असेल” असा निकाल देऊन मोकळं होऊ नका.

कदाचित काहीच निघणार नाही. धाप हृदयाची असेल, थायरॉइडची असेल, साध्या कमी खाण्याची असेल. तरीही ती तपासायलाच हवी. वय हा काही आजार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, जो मला वाटतं तुम्हाला रात्री झोपू देत नाहीये. नाही ताई, तुमच्या तिखटामुळे यजमानांना अल्सर झालेला नाही.

हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. तिखट आणि अल्सर हा संबंध आपल्याकडे इतका पक्का धरला गेलाय की दिल्लीतल्या काही डॉक्टरांनी तो चक्क तपासून पाहिला. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेल्या पेशंटचे त्यांनी दोन गट केले. दोघांना ॲसिड कमी करणारं सारखंच औषध दिलं, पण एका गटाला जेवणातून रोज ३ ग्रॅम लाल तिखट दिलं. महिनाभराने दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही गटांचे अल्सर सारखेच भरून आले होते. ही माहिती १९८४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. म्हणजे तिखटाने अल्सर होतो ही गोष्ट तर बाजूलाच राहिली, झालेला अल्सर भरायलाही तिखट आड आलं नाही. तिखटाने जळजळ होऊ शकते, ते वेगळं. व्रणावरून तिखट गेलं की झोंबतं. पण झोंबणं निराळं आणि व्रण होणं निराळं.

मग व्रण होतो कशाने? पोटातलं ॲसिड इतकं तीव्र असतं की ते स्वतःचं पोटच का जाळत नाही, असा प्रश्न खरं तर पडायला हवा. जाळत नाही, कारण आतल्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि शरीर तो सतत नव्याने घालत राहतं. जुन्या मातीच्या घरात भिंत आणि जमीन सारवत राहावी लागायची ना, तसं. सारवण थांबलं की पोपडे निघणारच. पोटाचं हे सारवण मोडणारी दोनच मोठी कारणं आहेत. एक एच. पायलोरी हा जंतू, आणि दुसरं दुखण्याच्या गोळ्या. बाकीची कारणं आहेत, पण दुर्मिळ.

जंतूची गोष्ट मोठी मजेशीर आहे. पोटातल्या ॲसिडमध्ये कुठलाही जंतू जगूच शकत नाही, असं वैद्यकाने ठरवून टाकलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट पेशंटच्या पोटाच्या तुकड्यांत नागमोडी जंतू पाहत होते, कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्या सोबत आला. जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा तर वाढेचना. जंतू वाढवायच्या बशा दोन दिवसांत फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवून आला! हळू वाढणारा होता, एवढंच. तरी लोक मानेनात, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतूंचा काढा स्वतःच पिऊन दाखवला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत पोटाच्या अस्तराला सूज दिसली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं ॲसिड बोथट करून त्या श्लेष्माच्या थरात ठाण मांडून बसतो.

या शोधाआधी अल्सरच्या पेशंटचे फार हाल होते. वर्षानुवर्षं पथ्य, विश्रांती, “डोक्याला त्रास करून घेऊ नका”, आणि तरीही अल्सर परत यायचा. शेवटी ऑपरेशन. अमेरिकेत बर्ट्रम सिप्पी नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली दर तासाला दूध आणि साय देण्याचं पथ्य काढलं, ते पुढे कित्येक दशकं जगभर चाललं. तुमच्या घरातलं तीन वेळचं दूध त्याच वळणाचं आहे. दूध पोटात गेलं की ॲसिड थोडा वेळ दबतं, बरं वाटतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पोटाला आणखी ॲसिड सोडायला लावतात. म्हणून तासा-दोन तासांनी पुन्हा दुखतं. यजमानांना दूध आवडत असेल तर खुशाल प्यावं, औषध म्हणून नको. खायच्या सोड्याचंही तेच, शिवाय त्यात मीठासारखा सोडियम असतो. रक्तदाब असलेल्यांनी तर रोज सोडा पिण्याच्या नादाला लागूच नये.

तर स्वयंपाक. दोन चुली बंद करा. सगळ्यांना एकच जेवण, फक्त अल्सर भरेपर्यंत ज्या पदार्थाने यजमानांना स्वतःला त्रास होतो तेवढा त्यांनी टाळावा. कोणाला वडापाव सोसत नाही, कोणाला आंबट ताक. सगळ्या पेशंटना लागू पडेल अशी पथ्याची यादी अस्तित्वात नाही, आणि अशा छापील याद्या वाटणाऱ्यांचा मला रागच येतो, कारण त्यांचं ओझं दर वेळी घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं. जेवण वेळेवर व्हावं हे मात्र खरं. आणि चटणी नणंदेकडून परत मागवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!

यजमानांनी कोर्स अर्धवट सोडला, ही या पत्रातली दुसरी गंभीर गोष्ट. त्यांचा विचार असा असणार: दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं. अगदी स्वाभाविक आहे, पण चुकीचा आहे. त्या कोर्समध्ये दोन प्रकारची औषधं असतात. एक ॲसिड कमी करणारं, ज्याने दुखणं चार-सहा दिवसांतच थांबतं. दुसरी जंतू मारणारी दोन किंवा तीन, ज्यांचं काम १४ दिवस चालतं. दुखणं थांबलं ते पहिल्यामुळे. जंतू अर्धे मेले, अर्धे राहिले, आणि राहिलेले त्या औषधांना सरावण्याची भीती असते. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या औषधांना दाद न देणारे जंतू आधीच पुष्कळ आहेत.

म्हणून ड्रॉवरमध्ये उरलेल्या गोळ्या आता पुन्हा सुरू करू नका. जुनी फाईल आणि उरलेल्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा की सहाव्या दिवशी सोडलं. डॉक्टर रागावतील म्हणून “पूर्ण घेतलं” असं सांगणारे पेशंट खूप असतात. मग डॉक्टरांना वाटतं औषध फेल गेलं, आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. खरं सांगितलं तर ते कदाचित औषधांचा जोड बदलतील. बिस्मथ नावाचं औषध असलेला चार औषधांचा कोर्स देतात, तसं काही. बिस्मथने जीभ आणि संडास काळी होते, त्याने घाबरू नका, पण आधीच विचारून ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही.

लोखंडासारखी चव ही मेट्रोनिडाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनची असते. औषध संपलं की जाते. गोळी जेवणासोबत घेतली, नंतर बडीशेप किंवा लवंग तोंडात धरली तर सुसह्य होते. दारू घेत असतील तर त्या दिवसांत थेंबही नको. मेट्रोनिडाझोलसोबत उलट्या-धडधड होऊ शकते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगायचं. जुलाब फारच झाले किंवा अंगावर पुरळ आलं, तर गोळ्या आपल्या मनाने सोडून बसण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करायचा. एका फोनने काम झालं असतं, यजमानांना हे प्रेमाने सांगा.

ॲसिडच्या गोळीबद्दल एक बारीक गोष्ट, जी पट्टीवर लिहिलेली नसते आणि दुकानदारही सांगत नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या जातीच्या गोळ्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. जेवून घेतली तर अर्धं काम वाया जातं. दोन वर्षं मेडिकलमधून आणलेली गोळी यजमान बहुधा दुखलं की घेत असणार, तेही जेवल्यावर. त्या दोन वर्षांत दुखणं दबत राहिलं, जंतू तसाच राहिला. लहान आतड्याचा अल्सर या गोळ्यांनी साधारण चार आठवड्यांत भरतो, पोटातला, म्हणजे जठरातला, असेल तर आठ. पण जंतू राहिला तर गोळी थांबल्यावर अल्सर परत येतो, आणि जंतू गेला तर बहुतेकांचा येत नाही. सगळी मेख इथे आहे. या गोळ्या वर्षानुवर्षं खाणंही बरं नाही. बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. एकदम बंद केल्या तर काही दिवस ॲसिड उसळतंही, मग माणसाला वाटतं आपल्याला गोळीशिवाय जमणारच नाही.

कोर्स संपल्यावर जंतू खरंच गेला का, हे तपासायचं असतं, आणि नेमकी हीच पायरी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. अँटिबायोटिक संपून किमान चार आठवडे झाले पाहिजेत, आणि ॲसिडची गोळी किमान दोन आठवडे बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. या तपासणीला पुन्हा दुर्बीण लागत नाही. संडासच्या नमुन्यावरून होते किंवा फुंकरीवरून होते. फुंकरीची सोय कोल्हापूर-सांगलीसारख्या शहरात शोधावी लागेल. नमुना मात्र गावातल्या लॅबला देता येतो, ती पुढे पाठवते. रक्तातली अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन) तपासून इथे काही कळत नाही, कारण जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. कोणी तीच सुचवली तर नम्रपणे “स्टूल अँटिजेन (म्हणजे संडासच्या नमुन्याची तपासणी) करू या का?” असं विचारा.

टेन्शन आणि नोकरी. यजमानांना मी खोटं पाडत नाही. मार्चअखेरीला पतसंस्थेतल्या माणसाचं काय होतं ते मी पेशंटमध्ये पाहत आलोय. पण ऑफिसच्या काळजीने एकट्याने अल्सर होत नाही. जबर भाजलेल्या किंवा अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाच्या पोटात ताणाने व्रण होतात, तो शरीरावरचा ताण वेगळा. काळजी हळूच दुसऱ्या वाटेने येते: जेवण चुकतं, डोकं दुखतं म्हणून गोळी, सिगारेट वाढते. सिगारेटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण असेल तर नोकरीच्या आधी ती सुटली पाहिजे. तिने अल्सर उशिरा भरतो आणि परत येण्याची शक्यता वाढते. शेतीत तरी काळजी कमी असते असं यजमानांना कोणी सांगितलं, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. नोकरी सोडायची तर जरूर विचार करा, पण अल्सरचा उपाय म्हणून नको. पगार जाईल आणि जंतू पोटातच राहील. हा निर्णय उपचार पूर्ण होऊन जंतू गेल्याचा रिपोर्ट हाती आल्यावर घ्या. तेव्हाही नोकरी नकोशी वाटली, तर तो नोकरीचा प्रश्न असेल, पोटाचा नाही.

डोकेदुखीच्या गोळीचा उल्लेख आलाच आहे, तर एक काम आज संध्याकाळी करा. घरातला औषधांचा डबा टेबलावर उलटा करा आणि प्रत्येक पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, नॅप्रॉक्सेन, ॲस्पिरिन यातलं एक जरी नाव असेल तर ती गोळी यजमानांसाठी बाद. पट्टीवर ठळक अक्षरात पॅरासिटामॉल असतं आणि त्याच्याच शेजारी यातलं दुसरं नाव दडलेलं असतं, तिथे बहुतेक जण फसतात. ही औषधं शरीरात त्या सारवणाला लागणारा पदार्थच बनू देत नाहीत. म्हणून “इंजेक्शन घेतलं तर पोटाला त्रास नाही” हाही गैरसमज आहे. औषध रक्तातून पोचतंच. नुसतं पॅरासिटामॉल, सांगितलेल्या मात्रेत, पोटाला सुरक्षित. आणि डब्यात कुठल्या वैदूने दिलेली सांधेदुखीची बिननावाची पुडी सापडली, तर ती फेकून द्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि दुखण्याचं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि ही जोडी पोटासाठी फार वाईट.

मुलांबद्दल आणि ताट-वाटीबद्दल. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे शेजारच्यांचं म्हणणं खरं आहे, पण तो बहुतेक वेळा लहानपणीच पोटात शिरतो, तोंडावाटे, अस्वच्छ पाण्यावाटे. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर अल्सर होत नाही. मुलांना काही त्रास नसेल तर तपासणी करू नका. ठणठणीत मुलाला १४ दिवस अँटिबायोटिक देऊन भलं होत नाही. वारंवार पोट दुखत असेल, किंवा घरात आई-वडील-भावंडांपैकी कोणाला पोटाचा कर्करोग झालेला असेल, तर मात्र विचारून घ्यावं. हा जंतू पोटाच्या कर्करोगाचंही एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला तशा यादीत घातलं. त्यात घाबरण्यासारखं कमी आणि उपचार पूर्ण करण्यासारखं जास्त आहे. यजमानांचं ताट पंक्तीत परत आणा. उष्टं खाऊ नये, जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साबणाने हात धुवावेत, पाणी उकळून किंवा फिल्टर करून प्यावं, इतकं पुरे.

तुमचं पत्र वाचून इतरही काही जण आपलं पोट चाचपून पाहतील, त्यांच्यासाठी थोडं. भुकेल्यापोटी आणि रात्री दुखणं, खाल्लं की थांबणं हे लहान आतड्याच्या अल्सरचं ठरलेलं वर्णन आहे. पोटातला असेल तर खाल्ल्यावर दुखतं. पण शरीर पुस्तक वाचून आजारी पडत नाही, म्हणून नुसत्या वर्णनावर विसंबू नका. वजन आपोआप कमी होतंय, गिळताना अडकतंय, उलट्या थांबत नाहीत, रक्त कमी आहे, संडास काळी आहे, किंवा पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदाच असा त्रास सुरू झालाय, तर मेडिकलची गोळी नको, दुर्बीण हवी. तिला लोक विनाकारण घाबरतात. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा, पाच-दहा मिनिटांचं काम. उबळ येते, दुखत नाही. व्रण पोटात सापडला तर त्याचा तुकडा तपासतात आणि भरला की नाही हे पुन्हा दुर्बिणीतून पाहतात, कारण तिथे कधीकधी कर्करोगच व्रणाच्या रूपात बसलेला असतो. तुमच्या यजमानांचा अल्सर आतड्यातला आहे, त्यात ही भीती जवळजवळ नसते. आणि एकाएकी सुरी खुपसल्यासारखं दुखलं, पोट फळीसारखं ताठ झालं, तर अल्सर फुटला असू शकतो. तेव्हा पाणीसुद्धा न देता गाडी काढायची.

आता पुन्हा सासूबाई. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरी गाडी तिथेच अडणार. “तुमच्या गोळीनेच झालं” असं म्हणू नका. दोष डोक्यावर आला की माणूस किती मिटून जातं, हे तुम्ही गेले दोन महिने अनुभवताय. त्या तर म्हणतील, मला काही झालेलं नाही, मुलाला बघा. यजमानांना पुढच्या भेटीला जायचंच आहे, त्याच दिवशी दोघांची नावं लावा. फक्त ती भेट उद्यावर आणा, पुढच्या आठवड्यावर नको. मुलाच्या सोबतीला म्हणून त्या येतील. त्यांची फाईल, हृदयाच्या औषधांची चिठ्ठी आणि गुडघ्याच्या गोळीची पट्टी पिशवीत घाला.

त्या गुडघ्याची गोळी सहज सोडणार नाहीत. गुडघे खरंच दुखतात, त्यांचा हट्ट नाही तो. म्हणून डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा: पॅरासिटामॉलवर भागेल का? वरून लावायचं दुखण्याचं जेल चालेल का? जेलमधलं औषध रक्तात फारच थोडं जातं, बऱ्याच जणांचं त्यावर निभतं. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्ट दोन-तीन भेटींत शिकवतात, खुर्चीत बसून करता येतात. कमोड नसेल तर बसवून घ्या, उकिडवं बसणं त्यांच्या गुडघ्यांना फार महागात पडतंय. चालताना हातात काठी, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालूच ठेवावी लागली, तर सोबत पोटाला संरक्षण देणारी गोळी रोज घ्यावी का, आणि एच. पायलोरीची तपासणी त्यांचीही करावी का, हेही विचारा. हिमोग्लोबिन कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन परत येऊ नका, रक्त जातंय कुठे हे विचारूनच या.